सात प्रती माहितीस्तव

आमच्या तालुक्याच्या गावी तहसील कचेरीच्या फाटकासमोर माझं झेरॉक्स आणि टायपिंगचं दुकान आहे. एक कॉम्प्युटर, एक प्रिंटर, एक झेरॉक्स मशीन, गिऱ्हाइकांसाठी लांब लाकडी बाक आणि दारात कडुलिंब. आजूबाजूला अशी आणखी चार दुकानं आहेत, पण तिथं छापील नमुने मिळतात. नाव, गाव, गट नंबर भरायचा, अंगठा उठवायचा आणि मोकळं व्हायचं. माझ्याकडं प्रत्येकाचा अर्ज नव्यानं लिहिला जातो. म्हणून लोक मला अर्जवाल्या ताई म्हणतात, आणि मला ते मनापासून आवडतं. उगाच खोटं कशाला बोलू?

अर्ज लिहायला मला बाबांनी शिकवलं. ते वालूरच्या अंगाला मास्तर होते. आता निवृत्त होऊन रोज सकाळी दुकानातल्या बाकाच्या एका टोकाला पेपर वाचत बसतात आणि मी छापलेल्या कागदांवर लाल पेनानं खुणा करतात. त्यांचे वडील, म्हणजे माझे आजोबा, तरुणपणी चावडीच्या पायरीखाली उभं राहून बोलायचे. वर चढायची मुभा नव्हती. दीक्षा घेतल्यावर त्यांनी काय केलं, तर पोराला शाळेत घातलं. बाबा अजून सांगतात, "आमचा बाप पायरीखाली ऱ्हायला, पर त्याच्या लेकानं लिव्हलेला कागुद पायरी चढून टेबलावर गेला." हे ऐकतच मी मोठी झाले. त्यामुळं अर्ज म्हणजे इस्त्रीचे कपडे घालून कचेरीत जाणं, हे माझ्या डोक्यात पक्कं बसलेलं. 'सविनय', 'उपरोक्त', 'अन्वये' हे शब्द मला लहानपणी बडबडगीतांसारखे पाठ होते.

माझी खरी करामत मात्र अर्जाच्या तळाशी असायची. तिथं मी 'प्रत माहितीस्तव सविनय सादर' असं लिहून खाली साहेबांची यादी द्यायचे. जितक्या जास्त साहेबांना प्रत, तितकं अर्जाला वजन, असा माझा ठाम समज. शेजारचे टायपिंगवाले दोन प्रती काढत, मी कमीत कमी पाच. एका म्हाताऱ्याला रेशनकार्डातलं नाव दुरुस्त करायचं होतं, त्याची प्रत मी पार मंत्रालयात धाडली होती. म्हातारा इतका खूश झाला, की कार्डाचं राहिलं बाजूला, मुंबईच्या पोस्टाची पावतीच गावभर दाखवत हिंडला.

तर अशा माझ्या भरभराटीच्या काळात, संक्रांत होऊन आठेक दिवस झाले असतील, एक बाई दुकानात आली आणि बाक सोडून खाली फरशीवर बसली.

"मावशी, बाकावर बसा."

"न्हाई माय, लुगड्याला मेंढराचा वास येतोय."

"येऊ द्या की. बाकाला कुठं नाक आहे?"

ती हसली आणि उठून बाकावर बसली, पण अगदी कडेला. बाबांनी पेपर आवरून जागा करून दिली.

"दरखास लिव्हायची हाय," ती म्हणाली. "आमची वाट बंद केली."

तिचं म्हणणं असं होतं. घरची मेंढरं. गाव आणि पाझर तलाव यांच्यामध्ये एक जिनिंग मिल, कापसातून सरकी काढायची. मिलच्या मागच्या अंगानं पिढ्यान् पिढ्या पायवाट होती, मेंढरं तिथनं पाण्यावर जायची. दिवाळीनंतर मिलनं भिंत घातली आणि वाट आत गेली. आता पाण्यावर जायचं तर हमरस्त्यानं जावं लागतं.

"ट्रका काय मेंढरायला थांबतेत व्हय? तव्हा आता समद्या मेंढरायला येलदरीच्या धरणाच्या अंगाला न्यावं लागंल, पाऊस पडंस्तोवर. मालकाचे गुडघे गेले, त्यायला चालवत न्हाई. म्हंजी मलाच जाणं हाय."

"मग जायचं की," मी कीबोर्ड पुसता पुसता बोलून गेले. "दरवर्षी जातातच लोक."

तिनं माझ्याकडं बघितलं. रागानं नाही, पण मी कीबोर्ड पुसायची थांबले.

"मपल्या लेकीला चैतात नववा भरतोय. पैलं बाळंतपण हाय. पोरगी माहेराला येणार, अन् तिची माय येलदरीला मेंढरामागं? तिच्याजवळ कोण बसंल?" मग पदर सावरून म्हणाली, "एवढंच लिव्ह, की चैताच्या आत वाट मोकळी करा म्हणून."

एवढंच लिहायचं होतं. मी अडीच पानं लिहिली.

आजही तो अर्ज वाचला की मला माझं कौतुक वाटतं आणि लगेच लाजही वाटते. 'पिढीजात वहिवाट', 'पशुधनाचा मूलभूत प्रश्न', 'औद्योगिक आस्थापनेने केलेले एकतर्फी अवरोधन'. यातला 'अवरोधन' हा शब्द मी त्याच दिवशी घडवला. लेकीचं बाळंतपण मात्र गाळलं. असली घरगुती गोष्ट सरकारी कागदात शोभत नाही, असं मला वाटलं. अर्ज तहसीलदारांना, आणि प्रत माहितीस्तव: जिल्ह्याचे मोठे साहेब, प्रांत साहेब, पंचायत समिती, जनावरांचा दवाखाना, पोलीस ठाणे, ग्रामपंचायत आणि उद्योगाचं खातं. सात. माझ्या दुकानाचा तो विक्रम होता.

मावशी दोन दिवस सगळीकडं फिरली आणि प्रत्येक ठिकाणाहून पोच घेऊन आली. कागदावर कचेरीचा गोल शिक्का बसला की त्याला पोच म्हणतात. तिनं तहसीलचा धरून आठ शिक्के प्लास्टिकच्या पिशवीतून काढून बाकावर मांडले, लेकीचे दागिने मांडावेत तसे.

"आता व्हईल ना माय?"

"होणार म्हणजे काय, झालंच समजा!"

मंगळवारी आमच्याकडं बाजार असतो. दर मंगळवारी मावशी बाजार आटोपून यायची आणि घरी आलेली पत्रं माझ्याकडून वाचून घ्यायची. पत्रं येत होती, अगदी भराभर येत होती. मोठ्या साहेबांच्या कचेरीनं अर्ज प्रांतांकडं पाठवला होता, 'आपल्या स्तरावरून नियमानुसार योग्य ती कार्यवाही करावी'. प्रांतांनी तहसीलकडं. पंचायत समितीनं ग्रामपंचायतीकडं, ग्रामपंचायतीनं 'सदर बाब महसुली असल्याने' तहसीलकडं. पोलिसांनीही तेच. दवाखान्यानं मेंढरांना लस दिली आहे का ते विचारलं. उद्योगाच्या खात्यानं तर मावशीला नवउद्योजकांच्या शिबिराला बोलावलं होतं, सोबत दोन फोटो आणावेत. प्रत्येकाला वाटत होतं की इतक्या बाकीच्यांना प्रत गेली आहे, त्यातला कुणीतरी बघेलच. भिंतीजवळ मात्र अजून कुणी गेलं नव्हतं.

"म्हंजी काम व्हायलंय ना?" मावशी विचारायची.

"व्हायलंय मावशी. कागद फिरायलाय."

"फिरू दे," ती म्हणायची, "पर चैताच्या आत घरला येऊ दे त्याला."

फाल्गुन लागला आणि एक दिवस दुकानासमोर पांढरी जीप थांबली. जीन्स, पांढरा शर्ट, खांद्यावर कापसाचा एक तंतू अडकलेला, असा एक चाळिशीचा माणूस उतरला. बोलणं वऱ्हाडाकडचं, पण फार अदबीचं.

"ताई, मी मिलचा मॅनेजर. तहसीलचं पत्र आलंय, सात दिवसांत लेखी खुलासा द्या म्हणून. मला हे सरकारी मराठी काही जमत नाही. तुमचं नाव ऐकलं. असा खुलासा लिहून द्या, की पुन्हा पत्र यायला नको."

त्यानं पत्र पुढं केलं. सोबत जोडलेला अर्ज माझाच! 'अवरोधन' माझ्याकडं बघून हसत होतं.

दुकानाचा एक नियम आहे, बाबांनी घालून दिलेला. एका गिऱ्हाइकाची गोष्ट दुसऱ्याला सांगायची नाही. वकिलाचं जसं असतं तसं. मी म्हणू शकले असते, की साहेब, आज वेळ नाही, शेजारी जा. पण शेजारचा टायपिंगवाला माझ्या अर्जाला उत्तर लिहिणार, ही कल्पनाच मला सहन होईना. त्याला 'अन्वये' कुठं लावायचं ते कळत नाही.

म्हणून मीच लिहिलं. आणि लिहिताना, काय सांगू, मला इतकी मजा आली! या अर्जात कुठं फट आहे ते माझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार? 'पिढीजात वहिवाटीचा कोणताही लेखी पुरावा अर्जदाराने जोडलेला नाही'. 'कापूस हा ज्वलनशील माल असल्याने आवार बंदिस्त ठेवणे सुरक्षेच्या दृष्टीने अनिवार्य'. मॅनेजर वाचून थक्क झाला. "ताई, हे वाचून मलाच माझी बाजू पटली," म्हणाला आणि गेला.

बाबांनी दोन्ही कागद शेजारी ठेवून चष्मा पुसून वाचले. लाल पेन काढलं. "अर्जाला धापैकी आठ," म्हणाले. "खुलाशाला नऊ." आणि पेपर उघडून बसले. दुपारी जेवायला माझी वाट न बघता ते एकटेच घरी गेले.

चार दिवसांनी आमचे तलाठी भाऊसाहेब आले. त्यांच्या पदाचं नाव आता बदललंय म्हणे, पण आम्ही तलाठीच म्हणतो. त्यांचा प्रिंटर कायम बिघडलेला, त्यामुळं त्यांचे सगळे अहवाल माझ्याच दुकानात जन्माला येतात. मावशीचं गाव त्यांच्याकडं नुकतंच आलं होतं, आणि या वेळी हातात तिचीच फाईल होती. तिच्यावर तहसीलचा शेरा होता, 'पाहणी करून अहवाल सादर करा'.

"ताई, लिव्हा," ते बाकावर टेकून म्हणाले. "दोन्ही बाजूंची कागदपत्रे पाहता..."

"भाऊसाहेब, पाहणी जागेची करायची ना? तुम्ही कागदपत्रं पाहायलात."

"अवो, कागदच इतके भारी हायत!" ते कळवळून म्हणाले. "अर्ज वाचला की वाटतंय भिंत उद्याच पाडावी. खुलासा वाचला की वाटतंय आणखी दोन फूट वाढवावी. कोन खरं बोलायलंय तेच कळंना. मार्च एंडची वसुली डोक्यावर हाय. मी आपलं लिवतो, दोघांना पुढच्या महिन्यात सुनावणीला बोलवावं."

पुढचा महिना म्हणजे चैत्र. मी कीबोर्डवरची बोटं काढून घेतली. आजोबांच्या लेकानं लिहिलेला कागद पायरी चढून टेबलावर गेला होता खरा. त्यांच्या नातीनं दोन कागद वर चढवले होते आणि ते दोघं टेबलावर एकमेकांची गचांडी धरून बसले होते. खाली मावशी वाट बघत होती. मला माझाच इतका राग आला की भाऊसाहेबांवर ओरडले, "मंगळवारी या! अकराला! आज टायपिंग बंद!"

ते बिचारे दचकून गेले. मग मी मॅनेजरला फोन लावला, की खुलाशात एक दुरुस्ती राहिली आहे, मंगळवारी अकराला या. मावशी तर येणारच होती. कुणाची गोष्ट कुणाला सांगितली नाही. नियम मोडला नाही, फक्त तिघांना एक वेळ दिली.

मंगळवारी तिघंही बाकावर शेजारी शेजारी बसले, एकमेकांना न ओळखता. मधे मावशी, मांडीवर शिक्क्यांची पिशवी. भाऊसाहेब मोबाइल बघत होते, मॅनेजर भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होता. आपापला कागद घेऊन निघून जायला तिघंही तयार. इथपर्यंतच मी ठरवलं होतं, पुढचं काही सुचलं नव्हतं. बाबांनी पेपरवरून माझ्याकडं बघितलं. त्या नजरेला घाबरून मी काउंटरखाली हात घातला आणि मेन स्विच खाली ओढला.

पंखा थांबला. प्रिंटर मेला. "लाइट गेली," मी म्हटलं. फोनवरची ती दुरुस्ती सोडली, तर दुकानात मी बोललेलं हे पहिलं खोटं.

परभणीकडचा फाल्गुन आणि पत्र्याखालची खोली, पाच मिनिटांत सगळे बाहेर कडुलिंबाखाली आले. बाबांनी स्वतः बाक उचलून आणला आणि चहा सांगितला. कागद निघण्याची आशा नाही म्हटल्यावर माणसं बोलायला लागतात. मॅनेजरनं मावशीला विचारलं, "काय मावशी, कशासाठी आलात?"

मावशीनं सांगितलं. अडीच पानांतलं एक अक्षर न वापरता, बशीतला चहा फुंकत सांगितलं. वाट सांगितली, मालकाचे गुडघे सांगितले, येलदरी सांगितली. आणि सगळ्यांत आधी लेक सांगितली.

मॅनेजरचा कप हातातच राहिला. "मावशी, ती मिल माझीच. म्हणजे मी तिथं असतो." कान लाल झाले त्याचे. "पण मला वाटलं ती मोकाट मेंढरं आहेत. सरकी खायला आत शिरायची, म्हणून भिंत घातली."

"मपली मेंढरं अन् मोकाट?" मावशी कडाडली. "एकेकीला नाव हाय! सरकी खायला येतेत ती बकरं वरच्या आळीची. मपली खाली मुंडी घालून जातेत."

"तुमच्या अर्जात लेकीचं काहीच नव्हतं हो."

"कामून? मी तर पैलं तेच सांगितलं हुतं," मावशी म्हणाली आणि तिघंही माझ्याकडं वळले. मी कडुलिंबाच्या शेंड्याकडं बघायला लागले. बाबा पेपरमागं खोकले, पण ते खोकणं खरं नव्हतं.

भाऊसाहेबांनी पिशवीतून गावचा नकाशा काढून बाकावर पसरला. मिलच्या मागं बारीक तुटक रेघ होती. "ही बगा पायवाट. नकाशातच हाय की!" ते स्वतःच चकित झाले. मॅनेजर नकाशावर वाकला. कापूस तर उघड्यावर ठेवता येत नाही, पण मागच्या कोपऱ्यात भिंत फोडून मधे आडवी जाळी लावली, तर वाट बाहेर काढता येईल, असं तो म्हणाला. मावशी म्हणाली, कोपऱ्यात उकिरडा हाय, तिथनं न्हाई, बाभळीजवळनं काढा. मग भाऊसाहेब म्हणाले, इथं बसून काय कळणार, चला बघून येऊ. आणि तिघं जीपमधून निघून गेले. मावशी पुढच्या सीटवर, पिशवी छातीशी धरून.

जीप वळल्यावर मी आत जाऊन स्विच वर केला.

"लाइट आली का?" बाबांनी विचारलं.

"आली."

"बरं झालं," ते म्हणाले. "बाक आत घे."

गुढीपाडव्याच्या आधी वाट निघाली, बाभळीजवळनं. भाऊसाहेबांचा अहवाल चार ओळींचा झाला, आणि त्यांनी तो उभ्या उभ्याच सांगितला. मॅनेजरनं खुलासा परत घेतला. मला वाटलं, आता ही फाईल संपली.

वैशाखातल्या एका मंगळवारी मावशी पुन्हा आली. थेट बाकाच्या मधोमध बसली आणि माझ्या हातावर पेढा ठेवला.

"नात झाली. पाडव्यानंतर बाराव्या रोजी. आता दरखास लिव्ह."

"आता कसली दरखास? काम झालं की!"

"तेच लिव्ह. काम झालं म्हणून. आठ जागी तक्रार देऊन आले मी. त्यायच्या मनात ऱ्हायचं की त्या बाईची वाट अजून बंदच हाय. त्यायला कळाया नगं का?"

इतकी वर्षं मी या खुर्चीत बसते. 'विषय: काम झाल्याबाबत' असा अर्ज लिहायला आजवर कुणी आलं नव्हतं. मला सुरुवातच सुचेना. 'उपरोक्त' म्हणावं तर वर काहीच नाही. शेवटी म्हटलं, "मावशी, तुम्ही सांगा, मी तसंच लिहिते." ती सांगत गेली आणि मी एक शब्द न बदलता टाइप केलं.

'वाट मोकळी झाली. मेंढरं रोज पाण्यावर जायलेत. मपली लेक बाळंत झाली, नात झाली, दोघी चांगल्या हायत. मी घरी हुते. तुमाला कळावं म्हणून लिवलं.'

बाबांनी कागद मागून घेतला. लाल पेन काढलं. एकदा वाचलं, मग पुन्हा वाचलं. मग पेनाला टोपण लावून पेन खिशात ठेवलं आणि सुपारी आणतो म्हणून बाहेर गेले. ते सुपारी खात नाहीत.

खाली मी प्रत माहितीस्तव सात जणांची यादी लिहिली. या वेळी एकही साहेब जास्तीचा नव्हता. आणि तहसीलला मी स्वतः मावशीबरोबर गेले. आवक विभागातल्या क्लार्कनं कागद उलटा करून पाठीमागं बघितलं, पुन्हा सरळ केला.

"ताई, यात मागणी काय आहे?"

"काही नाही."

"मग याच्यावर कार्यवाही काय करायची?"

"वाचायचं," मी म्हटलं.

त्यानं वाचलं. शिक्का मारला, पोच मावशीच्या हातात दिली. आम्ही दारापर्यंत पोचलो असू, तेवढ्यात मागून त्याचा आवाज आला. तो पलीकडच्या टेबलावरच्या बाईंना हाक मारत होता, "अवो मॅडम, ती मेंढरंवाल्या मावशीची फाईल आठवते का? नात झाली तिला!"